होडी घरी बांधता येते, मी पडवीत बांधलीये

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवाच्या पुरवणीत शिडाच्या लाकडी होडीवर लेख आला, छान होता, पण शेवटी 'हे हौशी माणसाचं काम नव्हे' असं ठोकून दिलंय ते काही पटलं नाही. मी जन्मभर बँकेत खर्डेघाशी केली, रंधा रिटायर झाल्यावर हातात धरला, आणि माझी अकरा फुटी होडी अलिबागजवळ आमच्या पडवीत बांधून झाली. (बाहेर काढताना पडवीचा एक खांब काढायला लागला, तो वेगळा विषय. आधी दार मोजा!)

गंमत म्हणजे घरी होडी बांधायची ही युक्ती घरोघरी पोचवली एका पेपरनेच. लंडनच्या डेली मिररने १९६३ च्या सुमाराला 'मिरर' नावाची डिंगी (छोटी शिडाची होडी) काढली, ३.३ मीटर लांब, लाल शीड, वजन ४५ किलोच्या आसपास, म्हणजे दोघं उचलून गाडीच्या टपावर टाकतील. डिझाइन जॅक होल्ट आणि टीव्हीवर घरदुरुस्ती शिकवणारे बॅरी बकनेल यांचं, किट (घरी जोडायच्या भागांचा संच) साधारण ६३ पौंडाला, आणि आजवर ७०,००० च्या वर होड्या झाल्यात, बांधणारे बरेचसे माझ्यासारखेच.

यात लाकूड वाफवून फासळ्या वाकवायची भानगडच नाही. प्लायवूडचे तुकडे कापायचे, कडेने भोकं पाडायची, तांब्याच्या तारेने शिवायचे, मग सांध्यावर फायबर ग्लासची पट्टी आणि रेझिन. सौ. म्हणाली हे तर गोधडी शिवल्यासारखं आहे, आणि खरंच तसंच आहे.

खरी गोची प्लायमध्ये. दुकानदार म्हणाला 'मरीनच (पाण्यात टिकणारा) आहे साहेब', मी तुकडा घरी आणून टोपात उकळला, चार तासांत खारीसारखे पदर सुटले. आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) वाला प्लाय ७२ तास उकळला तरी सुटायला नको, त्यामुळे नुसत्या शिक्क्यावर जाऊ नका, उकळून बघा (जुन्या टोपात, माझ्यासारखं चहाच्या नको). दुसरं म्हणजे इपॉक्सी, म्हणजे दोन भाग कालवून घट्ट होणारं रेझिन. एप्रिलमध्ये मी एकदम मगभर कालवलं तर मगातच तापून धूर निघाला, आणि जूनमध्ये दमट हवेने वर चिकट पापुद्रा आला तो पाण्याने धुऊन, घासून मगच पुढचा हात मारता आला, त्यात अख्खा पावसाळा गेला. कोकणात हे काम दिवाळीनंतर काढावं.

तुम्ही पण किट विका असं म्हणत नाही, पण तेवढं वाक्य मागे घ्या. आणि लेखक महाशयांना सांगा एखाद्या रविवारी भरतीची वेळ बघून या, लाइफ जॅकेट दोन आहेत. नाळेकडे (होडीच्या पुढच्या टोकाला) थोडं पाणी झिरपतं अजून, तेवढा डबा हातात धरायला लागेल.

आपला,
एक जुना वाचक, अलिबाग