ग्रामसभेत फळा हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या ग्रामसभेची बातमी आपण 'बंधाऱ्यावरून गदारोळ' अशी छापलीत. मी शेवटपर्यंत बसून होते. गदारोळ झाला हे खरेच. पण त्याआधी पाऊण तास लोक फार नेटके बोलले, त्यातले एक अक्षरही कुठे नोंदले गेले नाही.

विषय धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचा, म्हणजे समुद्राने किनारा खाऊ नये म्हणून घालायच्या दगडी बांधाचा. खालची वाडी म्हणते, बंधारा नसेल तर यंदा आणखी माड जातील. रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून रापणीचे मोठे जाळे ओढणारे मच्छीमार, म्हणतात, दगड पडले की पुळण जाईल, मग रापण ओढायची कुठे? एका तरुणाने विचारले, "दगडांमुळे पुळण जाते हे कशावरून?" एक वयस्क रापणकर शेजारच्या गावचा दाखला देऊ लागले. तेवढ्यात मागून कोणीतरी त्या मुलावर ओरडले, "तू चाकरमानी, गणपतीपुरता येतोस, तुला काय कळतंय?" झाले! काका खाली बसले आणि दाखला राहूनच गेला.

मी कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवत असे. ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ चार्ल्स हॅम्ब्लिन यांनी १९७० साली वादसंवाद एखाद्या खेळासारखा नियमांत बसवून दाखवला. प्रत्येक बोलणाऱ्याच्या नावावर एक खाते. विधान केले की ते खात्यात चढते. समोरच्याने 'का?' विचारले तर कारण द्यायचे, नाहीतर विधान मागे घ्यायचे. पुढे ॲमस्टरडॅमचे युक्तिवादाचे अभ्यासक फ्रान्स व्हान एमेरन आणि रॉब ग्रोटेनडॉर्स्ट यांनी चर्चेचे चार टप्पे सांगितले. त्यातला दुसरा मला सर्वांत मोलाचा वाटतो : युक्तिवादाला हात घालण्याआधी दोघांनाही काय मान्य आहे ते ठरवून घ्यायचे. किनारा खचतोय हे आमच्याकडे दोन्ही बाजूंना मान्य आहे, पण ते कोणी मोठ्याने म्हटलेच नाही. आणि हे काही परके शास्त्र नव्हे. तत्त्वाच्या शोधासाठी केलेला वाद आणि निव्वळ जिंकण्यासाठी केलेला जल्प, हा भेद न्यायसूत्रांत, म्हणजे आपल्याकडच्या तर्कशास्त्राच्या प्राचीन ग्रंथात, आहेच.

सभेत आणखी एक गोष्ट घडली, आणि ती मला ओरडण्याहून गंभीर वाटते. वरच्या वाडीतून कोणी म्हणाले, "आमचा रस्ता करा, बंधाऱ्याला हात वर करतो." डग्लस वॉल्टन आणि एरिक क्राबे या युक्तिवादाच्या अभ्यासकांनी १९९५ साली संवादाचे प्रकार वेगळे काढले, त्यांत पटवून देणे एक आणि वाटाघाट दुसरी. वाटाघाटीत गैर काही नाही. पण बंधाऱ्याने किनारा टिकेल का, याचे उत्तर रस्त्यात कसे सापडणार?

ही प्रारूपे मुख्यतः दोघांच्या संवादासाठी आखलेली, सभेत माणसे शंभर. भावकीची जुनी भांडणेही त्यांनी मिटणार नाहीत. तरी एक फळा लावता येईल : कोणाचे विधान, कोणी विचारले, उत्तर आले की नाही. आपल्या वार्ताहरांनीही बातमीत एवढे तीन रकाने भरावेत, ही कळकळीची विनंती.

येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला फळा आणि खडू मी आणते, असे सरपंचांना कळवले आहे. काकांचा अर्धवट राहिलेला दाखला त्यावर पहिला लिहावा, एवढेच त्यांच्याकडे मागितले आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, गुहागर तालुका