राजा नव्हता, तरी टेकाड उभे राहिले

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

प्राचीन वास्तूंवरच्या लेखांत एक क्रम ठरलेला असतो: आधी शेती, मग कोठार, मग राजा, आणि त्यानंतरच मोठे बांधकाम. अमेरिकेत लुइझियाना राज्यातले पॉव्हर्टी पॉइंट या क्रमात बसत नाही. इसवी सनापूर्वी सुमारे १७०० ते ११०० या काळात शिकार, मासेमारी आणि रानातल्या फळा-कंदांवर जगणाऱ्या मूलनिवासींनी तिथे एकात एक सहा अर्धवर्तुळाकार बांध आणि मातीची टेकाडे रचली. सर्वांत मोठे टेकाड आजही सुमारे २२ मीटर उंच आहे.

‘पिढ्यान्‌पिढ्या थोडी थोडी माती टाकली असेल’ हे उत्तर सोपे, पण मातीच ते खोडते. तो मुलूख भरपूर पावसाचा. भराव उघडा राहिला तर त्यावर ओघळ पडतात, बारीक गाळाचे पापुद्रे साचतात, मुळे शिरतात, गांडुळे बिळे करतात. पुरातत्त्वज्ञ ट्रिस्ट्रॅम किडर आणि सहकाऱ्यांना मोठ्या टेकाडाच्या छेदात यातले काही सापडले नाही. दिसले ते टोपल्या रिकाम्या केल्याचे वेगवेगळ्या रंगांचे ढीग. म्हणून ते काम तीन महिन्यांच्या आत उरकले, असे त्यांनी मांडले. पश्चिमेकडच्या एका बांधाबद्दलही २०२१ मध्ये असाच निष्कर्ष आला.

ही तपासणी नाजूक असते. मातीचा ठोकळा न हलवता कापायचा, वरची बाजू खुणावायची, राळेत मुरवायचा आणि केसाहून पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. खूण चुकली तर गाळ वरून आला की खालून, हेच कळत नाही. भरावातल्या कोळशावर कालमापन करण्यातही फसगत आहे. माती जुन्या वस्तीतून उचललेली असेल, तर कोळसा टेकाडाहून जुना निघतो. भरावाखाली गाडल्या गेलेल्या मूळ जमिनीवरचा नमुना अधिक भरवशाचा.

तिथल्या मातीत दगड नाही. म्हणून स्वयंपाकासाठी मातीचे गोळे वळून, तापवून खड्ड्यात अन्नासोबत ठेवत. असे गोळे तिथे ढिगांनी मिळतात. हत्यारांचा दगड मात्र शेकडो किलोमीटरवरून येई. जागा सोयीची म्हणून निवडली, असे म्हणणे त्यामुळे अवघड जाते.

एवढी माणसे सक्तीविना कशी जमली, यावर अभ्यासकांत वाद आहे आणि तो रास्तच आहे. आपल्या पुरवणीत अशा स्थळांवर लेख येतील तेव्हा मण्यांच्या आणि मूर्तींच्या छायाचित्रांशेजारी उत्खननातल्या मातीच्या छेदाचेही एक छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक