खाडाखोडीखाली सही : ग्रामीण रुग्णालयातील सिस्टरांना आभारपत्र

आदरणीय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

गेल्या श्रावणात मी पहिल्यांदा तुमच्या खोलीत आले, त्याला या महिन्यात वर्ष पूर्ण होत आहे. तुमचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण तुम्हाला ते रुचणार नाही हे मला ठाऊक आहे. तोंडाने आभार मानायला गेले की तुम्ही ‘पुढचे कोण’ अशी हाक मारता आणि विषय संपवता, म्हणून हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे.

माझ्या मधुमेहाचा सुगावा आधी चष्म्याला लागला. चार महिन्यांत दोनदा नंबर बदलला, तेव्हा चष्म्याच्या दुकानदाराने तिसऱ्यांदा काच करून देण्याऐवजी ‘बाई, एकदा शुगर तपासून या’ असे सांगितले. रक्तातली साखर वाढली की डोळ्यातले भिंग पाणी धरते आणि नंबर स्थिर राहत नाही, हे तुम्ही पुढे समजावून सांगितलेत. तोवर मी नजरेचा दोष खडूच्या धुळीला आणि रात्री तीनदा उठण्याचा दोष वयाला देत होते. उपाशीपोटी १८६, जेवणानंतर २७४ आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी ८.९, असा अहवाल हातात आला तेव्हा मी ४६ वर्षांची होते.

ज्या दवाखान्यात मी आधी गेले होते, तेथे तीन मिनिटांत मेटफॉर्मिनच्या गोळ्या लिहून मिळाल्या आणि सोबत एक छापील आहारतक्ता मिळाला. त्यात ओट्स, ब्रोकोली, ऑलिव्ह तेल आणि भाजलेले मासे होते. आमच्या सोलापूर जिल्ह्यात ज्वारी, तूर, शेंगदाणे आणि हंगामाची पालेभाजी यांवर वर्ष निघते, आणि आमचे घर तर माळकरी. तो तक्ता मी फ्रीजवर चिकटवला आणि त्यातले काहीही न करता रोज त्याच्यासमोर उभी राहून अपराधी वाटून घेत राहिले. शेजारपाजारून जांभळाच्या बियांची पूड आली, कारल्याचा रस आला, ‘साखर बंद कर, गूळ चालतो’ हा सल्ला तर निदान दहा जणींनी दिला. दोन महिने मी अर्धपोटी राहिले, रात्री भूक अनावर झाली की उभ्याउभ्या शेंगदाण्याचा लाडू खाल्ला, आणि हे कोणालाही सांगितले नाही. शाळेतही सांगितले नाही. मधुमेह झाला म्हणजे बाईंनी गोड फार खाल्ले असणार, असा त्याचा अर्थ लावला जाईल, ही भीती आजाराच्या भीतीहून मोठी होती.

अशा अवस्थेत मी तुमच्यासमोर बसले आणि तुम्ही विचारलेत, ‘बाई, काल दिवसभरात काय काय खाल्लं, ते पहिल्या चहापासून सांगा.’ काय खायचे नाही, याबद्दल त्या दिवशी तुम्ही एक शब्दही काढला नाहीत. मी सांगत गेले आणि तुम्ही लिहीत गेलात: दोन-दोन चमचे साखरेचे चार चहा, दुपारच्या तीन भाकरी, आणि शालेय पोषण आहाराची खिचडी, जी मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने चाखायची असते आणि जी मी चाखता चाखता वाटीभर खात असे. ती वाटी माझ्या स्वतःच्याही हिशेबात नव्हती. मग तुम्ही मला एक दोनशेपानी वही घालायला सांगितलीत. तारीख, खाल्लेला पदार्थ, जेवणाआधीचा रक्तातल्या साखरेचा आकडा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनंतरचा आकडा, असे चार रकाने. ‘रोज बोट टोचू नका, पट्ट्या महाग आहेत. आठवड्यातली दोन जेवणं निवडा, पण त्या जेवणांचे दोन्ही आकडे लिहा,’ असे तुम्ही म्हणालात. बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचावे, म्हणजे कमी दुखते, आणि आधी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत, हेही तुम्हीच शिकवलेत. प्रसादाचे केळे सोललेल्या हाताने घेतलेला माझा एक आकडा त्यामुळे वहीत ‘रद्द’ असा शेरा घेऊन उभा आहे.

इतकी वर्षे मी दुसऱ्यांच्या वह्या तपासत आले. स्वतःची वही तपासायला देताना पोटात कसा गोळा येतो, हे मला त्या महिन्यात पुन्हा कळले.

त्या वहीने माझे पहिले गृहीतक मोडले ते ज्वारीचे. ज्वारी म्हणजे जणू औषधच, अशा समजुतीत आम्ही वाढलेलो. त्यात मंगळवेढ्याच्या मालदांडीचा अभिमान वेगळा. तीन भाकरी आणि पिठले खाल्ल्यावर १२८ चे २३६ झाले, तेव्हा माझा साखर मोजण्याच्या यंत्रावरच संशय गेला. तुम्ही मात्र न हसता सांगितलेत की ज्वारीत तंतू आहेत ही गोष्ट खरी, पण तिच्यातल्या पिठाचीही शेवटी साखरच होते, आणि भाकरी तिसरी असेल तर शरीर तिचे नाव विचारत नाही. आधी कांदा, काकडी किंवा मुळा, मग मटकीची उसळ आणि त्यानंतर दीड भाकरी, हा क्रम तुम्ही सुचवलात. त्याच दुपारच्या जेवणाचा आकडा पंधरा दिवसांनी १७१ आला. जेवून लगेच न बसता गच्चीवर पंधरा मिनिटे फेऱ्या मारल्या, त्या दिवशी तो १५४ होता. चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, हे वाक्य मी पूर्वी वाचले असते तर विसरले असते. गच्चीवरच्या त्या १५४ मुळे ते कायमचे लक्षात राहिले.

दुसरे गृहीतक उपवासाचे होते. संकष्टीच्या साबुदाण्याच्या खिचडीने २६१ दाखवले, म्हणजे माझ्या नेहमीच्या जेवणाहूनही जास्त. घरी हे सांगणे सोपे नव्हते, कारण सासूबाईंच्या दृष्टीने उपवास हा डॉक्टरांच्या अखत्यारीतला विषयच नाही. तुम्ही त्यांना माझ्यासोबत बोलावून घेतलेत आणि म्हणालात, ‘आजी, उपास सोडा असं मी म्हणत नाही, साबुदाणा सोडा म्हणते.’ त्यानंतर आमच्याकडे उपवासाला वाटीभर भगर, दाण्याची आमटी, काकडी आणि दही असते, आणि सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्यांना साबुदाणा हा मुळात कंदाचा पिष्ट कसा असतो ते सांगतात. (हे ज्ञान आता त्यांचे स्वतःचे आहे, तुमचे नाव त्यात येत नाही, त्याबद्दल क्षमस्व.) काही गोळ्यांवर उपवास केला तर साखर सत्तरच्या खाली उतरू शकते, तेव्हा उपवासाआधी डॉक्टरांना विचारायचे, आणि थरथर, घाम, गरगर जाणवली तर तीन चमचे साखर पाण्यातून घेऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे, हेही तुम्ही त्यांच्यासमोरच सांगून ठेवलेत. माझ्यावर अजून ती वेळ आलेली नाही, पण पर्समध्ये ग्लुकोजची पुडी असते.

‘तुम्ही तर इतक्या बारीक, तुम्हाला कशी शुगर?’ हा प्रश्न मला सर्वांत जास्त बोचत असे, कारण त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. तुम्ही शिंप्याची टेप काढून माझी कंबर मोजलीत. वजन ५४ किलो आणि कंबर ८६ सेंटिमीटर. आपल्याकडच्या स्त्रियांसाठी ८० च्या पुढचा घेर हा धोक्याचा मानतात. तेव्हा तुम्ही पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे नाव घेतलेत. पुढे मी वाचले की त्यांनी आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले होते: दोघांच्या उंची-वजनाचे गुणोत्तर सारखेच, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरात चरबी अशी दडून असते, हे समजल्यावर माझ्या मनावरचे ओझे पुष्कळ उतरले. देशातल्या १० कोटींहून अधिक मधुमेहींमध्ये माझ्यासारख्या बारीक बायका अनेक असणार, हेही तेव्हाच ध्यानात आले. मी शाळेत सांगितले ते त्यानंतरच्या सोमवारी.

माझ्या आईविषयी मी तुम्हाला तिसऱ्या भेटीत बोलले. तिलाही मधुमेह होता. एका वारीत अनवाणी चालताना तिच्या पायाला काटा लागला, तो तिला जाणवलाच नाही, आणि जाणवला तेव्हा डाव्या पायाची दोन बोटे काढावी लागली. माझ्या मनात मधुमेह म्हणजे तीच बोटे होती. तुम्ही माझे दोन्ही पाय स्टुलावर घेऊन, डोळे मिटायला सांगून, नायलॉनच्या बारीक धाग्याने तळव्यावर एकेका ठिकाणी टेकवत ‘आता? आता?’ असे विचारत गेलात, आणि प्रत्येक वेळी मी ‘हो’ म्हणत असताना मला रडू आवरेना. तुम्ही थांबला नाहीत, काही बोललाही नाहीत; दहाही ठिकाणे पूर्ण केलीत आणि कागदावर ‘संवेदना उत्तम’ असे लिहून तो माझ्यासमोर धरलात. रात्री झोपण्याआधी तळव्यांखाली आरसा धरून पाहण्याची सवय तेव्हापासून लागली. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी आणि लघवीतल्या प्रथिनांची तपासणी वर्षातून एकदा करायची, या तारखाही वहीच्या पहिल्या पानावर तुमच्याच अक्षरात आहेत.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र खरे तर लिहायला घेतले, ती सांगते. माघात आमच्या पुतणीचा साखरपुडा होता. पुरणपोळी, मसालेभात, जिलेबी, काहीच सोडले नाही. दोन तासांनी २३१ आले आणि मी वहीत १४२ लिहिले. पुढच्या भेटीत तुम्ही वहीबरोबर माझे यंत्रही मागितलेत. त्याच्या स्मृतीत आकडे राहतात, हे मला माहीत नव्हते. तुम्ही वहीकडे पाहिलेत, यंत्राकडे पाहिलेत, यंत्र बाजूला ठेवलेत आणि फक्त विचारलेत, ‘त्या दिवशी घरी काय होतं?’ मी खरे सांगितले. मग आपण दोघींनी पुढच्या लग्नाचे ताट ठरवले: पुरणपोळी अर्धी, तुपासकट, भात नाही, कटाची आमटी आणि कोशिंबीर आधी, जिलेबी नाही, कारण दोन्हींपैकी मला पुरणपोळी अधिक आवडते. वैशाखातल्या लग्नाच्या दिवशी १७६ आले. ते मी जसेच्या तसे लिहिले.

खोट्या आकड्याबद्दल तुम्ही तेव्हाही बोलला नाहीत आणि नंतरही नाही. वर्गात अशा वेळी मी काय केले असते, याचा विचार मी बरेच दिवस करत होते. त्याचे उत्तर मला फारसे शोभणारे नाही, आणि या वर्षी माझ्या वर्गात लाल शाई थोडी कमी खर्च झाली आहे.

गेल्या आठवड्यात एचबीएवनसी ६.८ आली. शाळेच्या दप्तरात आकडा चुकला तर खोडरबर चालत नाही. चुकीच्या आकड्यावर एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहावा लागतो आणि खाली सही करावी लागते. माघातल्या त्या पानावर १४२ वर मी रेघ मारली आहे, शेजारी २३१ लिहिले आहे आणि खाली तारखेसह सही केली आहे. मंगळवारी वही घेऊन येते.

आपली कृतज्ञ,
एक प्राथमिक शिक्षिका
सोलापूर जिल्हा