ती पावती १९८२ च्या संपातली नाही

संपादक महाशय,

रविवारच्या पुरवणीत एका वाचकाच्या घरी सापडलेल्या वर्गणीच्या पावतीचा फोटो आहे आणि खाली ‘डॉ. दत्ता सामंतांच्या संपातील पावती’, म्हणजे १९८२ च्या गिरणी संपातली, अशी ओळ. माझी हयात लालबागच्या छापखान्यात खिळे (छपाईची अक्षरं) जुळवण्यात गेली. ही पावती १९८२ ची असूच शकत नाही.

पावतीवर ‘रु. – आ. – पै’ असे (रुपये, आणे, पैचे) रकाने छापील आहेत. हाताने लिहिलेले असते तर जुन्या माणसाची सवय म्हणून सोडून दिलं असतं. पण १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. उरलेली पावतीपुस्तकं पुढे वर्ष-दोन वर्षं खपवलीही असतील, पंचवीस वर्षं कोण खपवेल? शिवाय ‘नांव’, ‘खातें’ हे अनुस्वार. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी ते गेले. (जुन्या कंपोझिटरांनी सुटकेचा नि:श्वास टाकला असणार!)

नावही जुळत नाही. सामंतांची ती महाराष्ट्र गिरणी कामगार युनियन. पावतीवर कंसात स्पष्ट ‘लाल बावटा’ आहे, म्हणजे कम्युनिस्टांची गिरणी कामगार युनियन. ही युनियन मे १९२८ मध्ये, संप चालू असतानाच नोंदवली गेली. विणकराने दोनाऐवजी तीन साचे (माग) सांभाळावेत या मालकांच्या योजनेविरुद्ध दीड लाखाच्या आसपास कामगार एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत बाहेर होते. पावतीवर ‘साचेखातें’ लिहिलेलं पाहून माझंही मन तिकडेच धावलं. पण १९२९, १९३४, १९४० मध्येही मोठे संप झाले, आणि पावतीचा तारखेचा कोपराच फाटला आहे. तेव्हा एक चुकीची ओळ काढून तिथे दुसरी घाईची ओळ नको.

तपास करायचा तर वाट आहे. मार्च १९२९ मध्ये मीरत खटल्यासाठी (कम्युनिस्ट आणि कामगार पुढाऱ्यांवरचा कटाचा खटला) पुढाऱ्यांना धरलं, तेव्हा युनियनचे कागदही पोलिसांनी पुरावा म्हणून नेले. त्यांत पावत्या मिळाल्या तर खिळे, चौकटीची वेल आणि अनुक्रमांक ताडून पाहता येतील. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात आधी चौकशी करावी.

पावतीच्या मालकांना कृपया कळवा, ती लॅमिनेट करू नका. मागची शाई पुढे उमटलेली दिसते. त्या बाजूचाही फोटो छापाल का?

– एक निवृत्त कंपोझिटर, परळ