आधी वरण-भात

सातारा, रविवार

चि. बाळूस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला पनीरचा फोटो आईनं दोनदा मोठा करून बघितला. "करपलंय, पण मन लावून केलंय," एवढंच म्हणाली. मला गंमत वाटली ती तू ज्या व्हिडिओवरून ते केलंस, त्यातल्या यादीची. बावीस जिन्नस! घरात मिठाची बरणी कुठे असते हे ज्याला विचारावं लागायचं, त्यानं पहिल्याच दिवशी काजूची पेस्ट वाटायला घेतली. अरे, पोहायला शिकणारा कधी थेट धोम धरणात उडी मारतो का?

माझं ऐक. महिनाभर फक्त वरण-भात कर. कंटाळा येईल, येऊ दे. काल डाळ पातळ झाली होती हे आज आठवतं, आणि पाणी घालताना हात आपोआप आखडतो. रोज नवीन पदार्थ केलास तर कालची चूक सुधारायची कुठे?

मी हे ऐकीव सांगत नाही. तू सहावीत असताना आईचा पाय मोडला होता, दीड महिना प्लास्टर. पहिल्या दिवशी मी मोठ्या ऐटीत कुकर लावला आणि तळाला पाणी घालायचंच विसरलो. शिट्टी होईना, म्हणून गॅस मोठा करून पेपर वाचत बसलो. जळका वास आला तेव्हा उठलो. तळ काळानिळा, रिंग कडक, भात खालून करपलेला आणि वरून कच्चा. त्या रात्री आपण तिघं दूध-पाव खाऊन झोपलो. तुला तो बेत फार आवडला होता.

तर आधी कुकरच्या तळाला दोन बोटं पाणी. एक वाटी तूरडाळ, तीन वाट्या पाणी, चिमूटभर हळद, हिंग आणि चार थेंब तेल. तेलानं फेस कमी येतो. वेळ असेल तर डाळ अर्धा तास भिजव. तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बारीक करून पाच मिनिटं ठेव. मग वाफ आपसूक जिरू दे. घाई म्हणून झाकणाशी झटापट करायची नाही, हे मी रागावून सांगतोय असं समज.

तुमच्या इमारतीत टँकरचं पाणी येतं म्हणालास. असल्या जड पाण्यातल्या क्षारांनी डाळ लवकर मऊ होत नाही, तेव्हा डाळीला फिल्टरचं पाणी घे. चिंच, आमसूल, टोमॅटो जे काही आंबट असेल ते डाळ शिजल्यावरच. आधी घातलंस तर कितीही शिट्ट्या कर, दाणा दाताखाली येणारच. हे मला चार दिवस कळलं नव्हतं, मी दुकानदाराला दोष देत होतो.

भाताला कोलम घेतलास तर वाटीला दोन वाट्या पाणी, तांदूळ जुना असेल तर जरा जास्त. इंद्रायणी मुळात चिकट, तिला पाणी हात राखून.

आता फोडणी. इथे वाटी-चमच्याचं माप उपयोगाचं नाही, कान लागतो. मी ओट्यापाशी आणि आई बाहेरच्या खोलीत कॉटवर. तिला कढलं दिसत नव्हतं, तरी तिथून ओरडायची, "अहो, मोहरी तडतडली नाही अजून, जिरं काय टाकताय!" कसं कळायचं तिला? मोहरीच्या आतला ओलावा तापला की दाणा फुटतो, त्याचा आवाज येतो. तो आला नाही तर तेल तापलेलं नाही आणि मोहरी कडवट, कच्ची लागते. आवाज भरात आला की जिरं, हिंग, कढीपत्ता टाक आणि एक पाऊल मागे सर, पाण्याचा थेंब राहिला असेल तर तेल उडतं. गॅस बंद करून मग हळद आणि तिखट, नाहीतर दोन्ही क्षणात काळी पडतात.

ही फोडणी घोटलेल्या डाळीवर ओत, आमसूल, गुळाचा खडा, चमचाभर गोडा मसाला घालून उकळ. झाली आमटी. उरलेला भात रात्री फ्रिजमध्ये ठेव, सकाळी तीच फोडणी कांदा घालून कर आणि त्यावर तो भात परतून घे. झाला फोडणीचा भात. म्हणजे एका वरण-भातात तुझा आठवडा निघतो.

पोळ्यांच्या नादी इतक्यात लागू नकोस. जवळ पोळी-भाजी केंद्र असेल तर तिथून आण, त्यात कमीपणा काही नाही. मला अजून गोल पोळी येत नाही आणि तुझ्या आईनं मला त्यासाठी घराबाहेर काढलेलं नाही.

आई मिसळणाचा डबा भरून पाठवते आहे. गोडा मसाला घरचा आहे, त्याचं झाकण घट्ट लाव. सोबत जुनं लोखंडी कढलं बांधलंय. ते धुतल्यावर लगेच पुसून तेलाचा हात फिरव, नाहीतर गंजेल.

पुढच्या रविवारी फोन कर, पण फोडणी द्यायच्या आधी. फोन ओट्यावर ठेव आणि तू गप्प राहा. आईला ऐकायचंय.

तुझा
बाबा