दादांच्या कूलरविषयी

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार.

आम्ही सर्व ठीक आहोत. माझा गुडघा पूर्वीइतकाच दुखतो. पत्रास कारण दादा. त्यांच्या नातवाला डेंग्यू झाला होता. तो आता बरा होऊन अंगणात खेळतो आहे. परंतु दादांनी सारे खापर शेजाऱ्याच्या नालीवर फोडून ग्रामसभेत तक्रार केली आहे, आणि दादांची तक्रार म्हणजे काय, हे तुला निराळे सांगायला नको.

परवा भरदुपारी पोराच्या पोटरीवर बसलेला डास मी पेल्याखाली धरला. पायांवर पांढरे पट्टे, काळ्या पाठीवर दोन्ही कडांना बाकदार पांढऱ्या रेषा आणि त्यांच्या मध्ये दोन बारीक सरळ रेघा : एडिस इजिप्ती, शंकाच नाही. मधोमध एकच ठळक रेघ असती, तर त्याचा भाऊबंद अल्बोपिक्टस म्हटला असता. नालीतला क्युलेक्स मळकट तपकिरी, रात्री चावणारा. त्याच्यामुळे हत्तीपाय पसरतो, डेंग्यू नव्हे. (याच फरकावरून प्रॅक्टिकलच्या वेळी तू माझ्याशी अबोला धरला होतास. चूक तुझीच होती, हे माझे मत आजही कायम आहे.)

मग मी दादांच्या कूलरमध्ये टॉर्च मारला. पाऊस लागून महिना झाला तरी टाकीत पाणी तसेच. उजेड पडताच अळ्या वळवळत तळाशी गेल्या. आता हे पाणी नुसते ओतून दिल्याने भागणार नाही, कारण मादी पाण्याच्या रेषेलगत ओल्या पत्र्यावर अंडी चिकटवते आणि ती कोरडी पडूनही कित्येक महिने तग धरतात, म्हणजे टाकी घासली नाही तर पुढच्या उन्हाळ्यात पाणी भरताच तीच पिल्लावळ पुन्हा हजर. ग्रामपंचायतीच्या धुराने उडते डास मरतात, अळीला काहीच होत नाही. इकडे शेजारी बिचारा रोज नाली उपसतो आहे.

दादांना हे मी सांगितले, तर "तू मला शिकवणार काय?" एवढेच ऐकायला मिळेल. तुझे ते ऐकतात. त्यांच्या बागेतली संत्री चोरूनही ऐकतात, हे मला आजवर उमगलेले नाही.

तुझ्या सुनेचे बाळंतपण नीट पार पडल्याचे कळले, आनंद झाला. बाकी भेटीत.

तान्ह्या पोळ्याला ये. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून तोवर दादा वावरात गेले की दर आठवड्याला मीच टाकी उपसून घासून ठेवीन. आलास की मुक्काम दादांकडेच कर. माझ्याकडे उतरलास तर त्यांना संशय येईल.

तुझा,
प्रभाकर