झुंज कुणी दिली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात आमच्या कॉलेजच्या फुटबॉल संघाची बातमी वाचली. मथळा होता ‘कडवी झुंज देऊनही पराभव’. वाचून हातातला चहा तसाच खाली ठेवला. आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलला चार ओळींची का होईना जागा देता, त्याबद्दल आपले आभार. पण तो सामना मी पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत उन्हात उभं राहून पाहिला आहे. ०-४ हा निकाल बरोबर छापलात. झुंज मात्र मला दिसली नाही, आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या कुणालाही दिसली नाही.

हरल्याचा राग नाही, हे आधी लिहितो. समोरचा संघ सरस होता, त्यांचे पास बघण्यासारखे होते. पहिला गोल बसेपर्यंत आमची पोरंही बरी खेळत होती. नंतर माना खाली गेल्या त्या गेल्याच. दुसऱ्या गोलच्या वेळी मध्यरेषेजवळ ज्याच्या पायातून चेंडू गेला, तो कमरेवर हात ठेवून तिथंच थांबला. आणखी तिघं चालत मागं आले. चालत! चौथ्या गोलला कॉर्नरवर समोरच्या सगळ्यात बुटक्या गड्यानं हेड मारला, कारण त्याच्या अंगाला कुणी चिकटलंच नव्हतं. कीपर एकटा घसा फोडून ओरडत होता. त्या पोरासाठी मला वाईट वाटतं.

आणि ही पोरं दमलेली होती असं कुणी मला सांगू नये. त्यातल्या दोघांना मी कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर सीझनमध्ये पेठेच्या संघाच्या जर्सीत बघितलं आहे. तिथं हेच गडी चेंडू बाहेर जाईपर्यंत सोडत नाहीत, पडले तरी पडल्या पडल्या पाय घालतात. कोल्हापुरात ईर्षा म्हणजे काय हे पोरांना शिकवावं लागत नाही, ती गल्लीतच मिळते. मग कॉलेजची जर्सी अंगात घातली की ती कुठं जाते? पेठेच्या सीझनसाठी पाय राखून ठेवायचे असतील तर कॉलेजच्या संघात नाव देऊ नये. ती जागा मिळावी म्हणून एखादा पोरगा पन्हाळ्याहून, कागलहून पहाटेची एसटी धरून सरावाला येत असतो. क्रीडा कोट्यातून प्रवेश घेताना कॉलेजचं नाव चालतं, तर त्या नावासाठी नव्वद मिनिटं पळायलाही हवं.

पण हे पत्र लिहायला मी बसलो ते खेळामुळं नाही, बाकड्यामुळं. रेषेबाहेर राखीव खेळाडू, मॅनेजर आणि त्यांच्याबरोबर आलेली, जर्सी नसलेली पाचसहा पोरं अशी सगळी गर्दी होती. खेळाचे नियम स्पष्ट आहेत. बाकड्याभोवतीच्या आखलेल्या जागेतून एका वेळी एकानंच खेळाडूंना सूचना द्यायच्या. इथं सातजण एकदम ओरडत होते आणि त्यात सूचना एकही नव्हती. लाइनमन विशीतला पोरगा होता. ऑफसाइडचा झेंडा त्यानं बरोबर वर केला, मी त्याच रेषेत उभा होतो. त्याला त्याच्या आईवरून शिवी गेली. बदली करून बाहेर काढलेल्या खेळाडूनं पाण्याची बाटली लाथेनं मैदानात उडवली. २०१९ पासून संघाच्या पदाधिकाऱ्यांनाही पिवळं आणि लाल कार्ड दाखवता येतं. बाकड्यावरचा नेमका कोण चुकला हे पंचांना कळलं नाही, तर तिथल्या मुख्य प्रशिक्षकाला ते कार्ड मिळतं. म्हणजे जबाबदारी कुणाची हे नियमानंच ठरवून दिलं आहे. आमचे मॅनेजर सर त्या वेळी पाठ फिरवून फोनवर बोलत होते.

आता जे घडलं ते लिहितो. माझा नातू चौथीत आहे. कॉलेजची मॅच त्यानं पहिल्यांदाच बघितली. आबांचं कॉलेज खेळणार म्हणून आदल्या रात्री बूट पुसून उशाशी ठेवून झोपला होता. मैदानावर गेल्यावर गोलच्या मागं दोन पोरं चेंडू आणून देत होती, त्यांच्यात हा आपणहून जाऊन उभा राहिला. उत्तरार्धात ०-३ असताना चेंडू लांब गटारीच्या कडेला गेला. हा पळत गेला, चेंडू चिखलात पडला होता, तो शर्टाला पुसला आणि परत पळत आणून आमच्या खेळाडूच्या हातात दिला. त्या खेळाडूनं चेंडू हिसकावून घेतला आणि नऊ वर्षांच्या पोराला उशीर केला म्हणून शिवी दिली. जी शिवी दिली ती मी इथं लिहू शकत नाही. बाकड्यावरची पोरं हसली.

गोल होत असताना जो मागं चालत येत होता, तोच हा खेळाडू. त्याला उशीर झाला होता म्हणे!

सामना संपल्यावर मी मॅनेजर सरांकडं गेलो. आवाज चढवला नाही. मी याच कॉलेजचा जुना खेळाडू, असं सांगितलं आणि त्या मुलानं पोराची माफी मागावी एवढंच म्हणालो. सर म्हणाले, ‘काका, मॅचमध्ये पोरं तापतात. एवढं मनावर घ्यायचं नसतं.’ आणि गाडीत बसून निघून गेले. घरी येताना नातू बराच वेळ गप्प होता. मग त्यानं विचारलं, ‘आबा, मी हळू पळालो काय?’

संपादक महाराज, या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं ते मला सुचलं नाही. रात्रभर तोच डोक्यात होता.

१९८४ साली आम्ही सांगलीला आंतरविभागीय सामना खेळायला गेलो होतो. ०-५ हरलो. याच कॉलेजकडून, याच रंगाच्या जर्सीत. पावसानं मैदानाचा राडा झालेला, समोरचा संघ आमच्यापेक्षा दुपटीनं चांगला. शेवटच्या मिनिटाला आमचा लेफ्ट बॅक गोलरेषेवर आडवा पडला आणि सहावा गोल त्यानं मांडीवर घेतला. गुडघा सुजून टम्म झाला. परतीच्या एसटीत जयसिंगपूर मागं पडेपर्यंत कुणी कुणाशी बोललं नाही. हातकणंगल्याला गाडी थांबली, आमच्या तेव्हाच्या सरांनी खाली उतरून स्वतःच्या पैशानं सगळ्यांना चहा सांगितला आणि त्या लेफ्ट बॅकला म्हणाले, ‘सहावा अडवलास ते मी बघितलं.’ दुसरं काही बोलले नाहीत. आज आम्ही सगळे साठी ओलांडलेले आहोत, तरी एकमेकांना भेटलो की त्या पाच गोलांचं कुणी काढत नाही, त्या सहाव्याचं निघतं. त्या दिवशी पंचांचा एक निर्णय आमच्याविरुद्ध चुकीचा गेला होता. सर जागचे हलले नाहीत, म्हणून आम्हीही हललो नाही.

आणि हरणाऱ्या संघावर लोक प्रेम करत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी २०१७ आठवावं. सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात आपला अनिकेत जाधव भारताकडून दिल्लीत खेळत होता, त्या वेळी पेठापेठांतून टीव्हीसमोर गर्दी होती. अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४. तिन्ही सामने हरले, नऊ गोल खाल्ले, केला एक. कोलंबियाविरुद्ध ८२व्या मिनिटाला जॅक्सन सिंगनं बरोबरी साधली आणि पुढच्याच मिनिटाला परत गोल बसला, तरी ती पोरं शेवटपर्यंत पुढं धावत राहिली. त्या संघाला आमच्या चौकात कुणी नाव ठेवलेलं मला आठवत नाही. आकडा तोच होता, ०-४. खेळ निराळा होता.

जाता जाता आणखी एक. ज्या मैदानावर हा सामना झाला तिथल्या दोन्ही नळांना पाणी नव्हतं. दोन संघ, पंच, दोनशे माणसं, दुपारचं ऊन आणि प्यायला थेंब नाही. समोरच्या संघातल्या एका मुलाला पेटके आले, तेव्हा शेजारच्या टपरीवाल्यानं स्वतःची कळशी आणून दिली. स्पर्धा भरवणाऱ्यांनी एक टँकर सांगायला काय हरकत होती? आपल्या प्रतिनिधीनंही त्याच टपरीवर पाणी प्यायलेलं मी पाहिलं आहे. ते बातमीत यायला हवं होतं.

माझी आपल्याकडं विनंती एवढीच, की पुढच्या सामन्याला प्रतिनिधी पाठवाल तेव्हा त्यांना बाकड्याच्या बाजूला थोडा वेळ उभं राहायला सांगा. गोल कुणी केले ते आम्हाला कळतंच. लाइनमनला काय ऐकावं लागतं आणि ते थांबवायला कोण पुढं होतं, तेही छापा. कॉलेजच्या प्राचार्यांना मी स्वतंत्र पत्र दिलं आहे, त्याची पोच अजून आलेली नाही.

ज्यानं शिवी दिली त्या खेळाडूचं नाव मला माहीत आहे, पण मी ते लिहिणार नाही, त्याचं वय लहान आहे. तो हे पत्र वाचेल किंवा कुणीतरी त्याला वाचून दाखवेल. नातू रोज सकाळी साडेसहाला गांधी मैदानावर माझ्याबरोबर असतो. काल आणि आज तो आला नाही. उद्या मी त्याला घेऊन जाणार आहे. त्या मुलानं यावं, पोराशी दोन शब्द बोलावेत, चेंडू द्यावा-घ्यावा. मी बाजूला उभा राहीन, मध्ये काही बोलणार नाही.

आपला,
एक माजी खेळाडू,
शिवाजी पेठ, कोल्हापूर
(पूर्ण नाव व पत्ता संपादकांसाठी सोबत जोडला आहे)